सासूबाईंची म्हैस आणि माझा वर्तनवाद

मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या मुलीचं पुढे काय करायचं असतं, हे बदलापुरात कोणालाच ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं. पण ते मी कोणाला कळू देत नसे. एकोणीसशे पन्नासनंतरची ती पहिली वर्षं. मी पुण्याहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा माझ्याबरोबर चार पातळं, एक हार्मोनियम आणि कॉलेजात पाठ केलेला वर्तनवाद एवढंच होतं. हार्मोनियम पहिल्याच पावसात बिघडली. वर्तनवाद मात्र शाबूत राहिला आणि पुढचा सगळा घोळ त्यानेच केला.

आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. सकाळी खाकी कपडे चढवून जायचे, संध्याकाळी दमून यायचे. घरी मामंजी, सासूबाई आणि परसातल्या गोठ्यात एक म्हैस. मामंजींचा जीव चहात होता आणि सासूबाईंचा म्हशीत. म्हशीचं रेडकू जन्मल्याबरोबर गेलं होतं. तेव्हापासून ती सासूबाईंशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नसे. सासूबाई कोंडा-पेंड शिजवलेल्या आंबोणाचं घमेलं पुढे ठेवायच्या, पाठीवर थाप मारायच्या, गळ्यातल्या गळ्यात काहीतरी गुणगुणायच्या, की ही पान्हवायची. मी दारातून बघायचे आणि मनात म्हणायचे, अरे, हे तर आपल्या अभ्यासातलंच! थाप हा उद्दीपक, पान्हा हा प्रतिसाद. परीक्षेत मी ह्याच प्रश्नाचं उत्तर आकृती काढून लिहिलं होतं. आकृतीत कुत्रा होता, एवढाच फरक.

त्या वर्षी शिमगा झाला आणि वांगणीहून निरोप आला. नणंदेचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिच्या घरी करणारं कोणी नव्हतं. सासूबाईंनी गाठोडं बांधलं. निघताना त्या गोठ्याच्या दारात खूप वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तिला जप. नाही दिलं दूध तर नाही दिलं. ओढाताण करू नकोस."

"आई, तुम्ही काळजीच करू नका," मी म्हटलं. "ह्याचं एक शास्त्र आहे."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी तेव्हा नीट वाचली असती तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला समोरच्याचं मन वाचायची सवय नसते. त्याला ते आधीच ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी धार काढायची कासंडी घेऊन गोठ्यात गेले. म्हशीने मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि कासंडीला अशी लाथ मारली की ती थेट तुळशीपाशी जाऊन पडली. मग ह्यांनी प्रयत्न केला. खाकी कपड्यातला माणूस बघून तिने दावंच तोडायला घेतलं. मामंजी कोरा चहा पुढ्यात घेऊन पडवीत बसले होते. त्यांनी एक घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. मामंजी रागावले की बोलत नसत, आणि त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

मी सासूबाईंचं जुनं नऊवारी नेसले. आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे ते कुठे चढलं होतं आणि कुठे सुटलं होतं. म्हशीने पदर हुंगला, क्षणभर घोटाळली, वर मान करून माझं तोंड बघितलं आणि मान फिरवली. तरी घमेलंभर आंबोण, वर गूळ, आणि माझी बरीच अजिजी एवढ्यावर तिने चहापुरतं दूध सोडलं. मला तेवढं पुरेसं होतं. आता तिला नवा उद्दीपक द्यायचा, असं मी ठरवलं. रशियातल्या एका शास्त्रज्ञाने कुत्र्यांना घंटा वाजताच लाळ गाळायची सवय लावली, त्याला अभिसंधान म्हणतात असं आम्हाला शिकवलं होतं; तोच प्रयोग मी म्हशीवर करणार होते. त्यासाठी घंटा हवी होती आणि घरात घंटा एकच होती. देवघरातली.

"मामंजी, देवाची घंटा थोडे दिवस गोठ्यात नेऊ का?"

"कशाला?"

"म्हशीचं अभिसंधान करायचंय."

मामंजींनी शब्द मनात घोळवून पाहिला. "त्याने चहात दूध येईल?"

"येईल."

"मग ने. पण तुझ्या सासूला कळता कामा नये."

तेव्हापासून मामंजी देवाला टाळी वाजवून जागं करू लागले. मी मात्र रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला नऊवारी आवरत आधी घंटा वाजवायची, मग आंबोण ठेवायचं, मग कासेवर हात फिरवायचा, असा नेम सुरू केला. शेजारच्या काकू कुंपणावरून बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. ह्यांनी विचारलं, "अगं, हे कुठवर चालणार?" मी म्हटलं, "शास्त्राला वेळ लागतो." ते म्हणाले, "शास्त्राचं ठीक आहे, पण तू माझ्या डब्यात भाजी ठेवायला विसरलीस."

आणि एका संध्याकाळी ते घडलं. आंबोण अजून चुलीवर होतं. मी नुसती सवयीने घंटा वाजवली. म्हशीने कान टवकारले, कास भरून आली आणि सडातून दुधाचे थेंब आपसूक टपटपू लागले. मी अशी किंकाळी फोडली की साप निघाला असं समजून मामंजी काठी घेऊन धावत आले.

"मामंजी, बघा! आंबोण नाही, थाप नाही, नुसती घंटा!"

"अगं मग खाली कासंडी धर ना!" ते ओरडले.

पण मी कुठली धरते? मी त्यांना उद्दीपक आणि प्रतिसाद समजावून सांगत होते. त्या दिवशीचं निम्मं दूध शेणात गेलं. तरीही मी इतकी फुगले होते की रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, कारखान्यातल्या कामगारांचंही असंच करता येईल, भोंग्याचा नीट उपयोग करा. ह्यांनी भाताचा घास हातात धरून शांतपणे सांगितलं, "भोंगा झाला की आमचे कामगार आपसूक घरी जातात. त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही."

पुढचे काही दिवस मी बदलापूरची सगळ्यात सुखी बाई होते. मग चैत्र लागला, ऊन तापलं आणि दुपारचा कुल्फीवाला येऊ लागला.

फाळणीनंतर वसलेल्या कॅम्पांना उल्हासनगर म्हणायची सवय लोकांना नुकती लागत होती. तिथून हा सिंधी माणूस गाडीने बदलापूरला यायचा. पन्नाशी उलटलेला, उंच, स्वच्छ पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर लाल फडक्यात गुंडाळलेला माठ. तो ओरडायचा नाही. हातात पितळेची घंटा होती, ती वाजवत तो आमच्या रस्त्याने जायचा. दुपारी मी लवंडलेली असायचे. झोपेत घंटा ऐकायचे, कूस बदलायचे. आणि संध्याकाळी धार काढायला बसले की कास रिकामी.

दोन दिवस मी मांजराला दोष दिला, कारण गोठ्यात ते मिशा चाटत बसलेलं सापडलं होतं. तिसऱ्या दुपारी मी गव्हाणीआड पहारा ठेवला. रस्त्याच्या वळणावर घंटा वाजली. म्हशीने कान टवकारले. आणि भर दुपारी, कोणी कासेला हात न लावता, दुधाची धार जमिनीवर लागली. मांजर आधीच येऊन बसलं होतं. त्याचंही अभिसंधान झालं होतं.

एका आवाजाची सवय लावली की तसलाच दुसरा आवाजही चालतो, हेही आमच्या अभ्यासात होतं. मी ते पान परीक्षेला सोडलं होतं.

माझ्या दुर्दैवाने त्याच वेळी शेजारच्या काकू कुंपणाशी होत्या. त्यांनी दूध गळताना बघितलं आणि हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्या आळीतल्या आणखी दोघींना घेऊन आल्या. हातात हळदकुंकू.

"वहिनी, देवाच्या घंटेने म्हैस पान्हवते म्हणे?"

"देवाचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "हा वर्तनवाद आहे."

"अगं बाई! कुठले हे वर्तनवादबुवा? नाशकाकडचे का?"

मी त्यांना पडवीत बसवून सगळं समजावलं. कुत्रा, लाळ, घंटा, सगळं. त्यांनी मन लावून ऐकलं, माना डोलावल्या आणि उठताना म्हशीला कुंकू लावलं. एकीची गाय आटली होती. तिने एका दिवसापुरती घंटा मागून नेली. गाय ढिम्म. मला वाटलं, चला, आता तरी खुळ जाईल. तर ती घंटा परत करताना ओशाळून म्हणाली, "माझ्याकडून उपास नाही ना झाला, म्हणून नसेल आलं."

इकडे मामंजींचा चहा पुन्हा कोरा झाला होता. म्हणून एका दुपारी मी उंबऱ्यापाशी वाट बघत थांबले आणि कुल्फीवाला आल्यावर त्याला हाक मारली.

"दादा, आमच्या घरापुढून जाताना घंटा वाजवू नका."

त्याने माठ ओट्यावर उतरवला. "क्यों अदी? कोणी बीमार आहे?" अदी म्हणजे त्यांच्या बोलीत ताई.

म्हशीचं सांगायचं कसं? मी सांगितलं. त्याने दोनदा विचारून घेतलं, आपण बरोबर ऐकलं का म्हणून. मग तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. त्याला मी ताक दिलं. ताक पिऊन झाल्यावर तो गंभीर झाला.

"घंटी नाही वाजवली तर कुल्फी कोण घेणार?"

"आवाज द्या की. इथले सगळे फेरीवाले देतात."

त्याने ताकाचं रिकामं भांडं ओट्यावर ठेवलं. "अदी, तिकडे माझं कपड्याचं दुकान होतं. मी गादीवर बसायचा. लोक येऊन मला शेठ म्हणायचे. इकडे आलो तेव्हा पहले दिन गल्लीत उभा राहिलो, तोंड उघडलं, आवाज निघालाच नाही. आज पण निघत नाही. ही घंटी बोलते, मी नाही बोलत."

ह्याला अभ्यासातला एक शब्द होता, पण तो काढायची लाज वाटली. मी म्हटलं, "वाजवा तुम्ही घंटा. मी बघते म्हशीचं."

तेव्हा मला इतके दिवस न सुचलेली साधी गोष्ट सुचली. म्हैस बदलणार नव्हती, हा माणूस बदलायचा नव्हता, तर धारेची वेळ बदलायची. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची धार दुपारी काढायची ठरली. मी नऊवारी नेसून, कासंडी घेऊन त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे. तो वळणावर यायचा, माझी तयारी झाली का बघायचा आणि मग घंटा वाजवायचा. इतक्या तालात की देवळात आरतीला उभं राहिल्यासारखं वाटावं. पुढे पुढे तो घंटा वाजवत गोठ्याच्या दारापर्यंत येऊ लागला आणि धार निघेपर्यंत ओट्यावर बसू लागला. "ही माझी पहिली गिऱ्हाईक," असं म्हशीकडे बोट दाखवून म्हणायचा. एकदा म्हणाला, "अदी, तू इतकी शिकलेली, शाळेत का जात नाही? आमच्या कॅम्पात शाळा आहे. मराठी शिकवायला बाई मिळत नाही." मी हसून सोडून दिलं. आमच्या घरातली कुठली बाई कधी नोकरीला गेली नव्हती.

घरची घडी अशी बसली होती. देवाला टाळी, म्हशीला घंटा, मामंजींना दुधाचा चहा, मांजराला काही नाही. मी स्वतःवर खूश होते. आणि एका दुपारी, काही न कळवता, सासूबाई परत आल्या.

काखेत गाठोडं घेऊन त्या अंगणात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: एक परका माणूस गोठ्याच्या दारात घंटा वाजवतोय. त्यांचंच लुगडं नेसलेली सून म्हशीखाली बसलीय. शेजारच्या बायका हळदकुंकू घेऊन उभ्या आहेत. आणि नवरा भर दुपारी चहाचा कप घेऊन हे सगळं बघत बसलाय.

"हा काय तमाशा चाललाय माझ्या घरात?"

कुल्फीवाल्याने माठ उचलला आणि तो निघाला. बायका कुंपणापर्यंत मागे सरल्या, पण गेल्या नाहीत. मी उठायला गेले तर पायात काष्टा अडकला आणि पडता पडता वाचले. सासूबाईंनी गाठोडं पडवीत टाकलं, माझ्या हातून कासंडी घेतली आणि म्हशीपाशी गेल्या.

म्हशीने त्यांना ओळखलं. घशातून एक खोल आवाज काढला, त्यांचा हात चाटला, खांदा चाटला, पदर तोंडात धरला. सासूबाईंनी पाठीवर थाप मारली, गुणगुणल्या, खाली बसल्या. दूध आलं नाही. मी हातातली धार अर्धवट सोडून उठले होते, पान्हा आटला होता. त्यांनी पुन्हा थाप मारली, पुन्हा गुणगुणल्या. शेवटी मामंजीच हळूच म्हणाले, "घंटा वाजव गं तिला."

मी वाजवली. दूध आलं.

सासूबाईंनी धार पुरी काढली, कासंडी माझ्या हातात दिली आणि घरात गेल्या. मला शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. देवघरातली घंटा कुठे गेली हे त्यांनी विचारलंही नाही. संध्याकाळी त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मी भाजी निवडायला शेजारी बसले. चुलीकडे बघतच त्या म्हणाल्या, "तिचं रेडकू गेलं तेव्हा मी त्याच्या जागी झाले होते. आता तिला माझी गरजही उरली नाही."

मला अभ्यासातलं कितीतरी सांगता आलं असतं. जुनी सवय पुसली जाते, पण पुन्हा लावता येते, वगैरे. तोंडातून आलं ते वेगळंच.

"आई, तिने तुम्हाला चाटलं ना? इतके दिवस मी तिच्यापुढे बसते, मला एकदाही चाटलं नाही. तुम्हाला चाटायला तिला घंटा लागली नाही."

माझ्या अंगावरच्या लुगड्याकडे, त्याच्या सुटलेल्या काष्ट्याकडे सासूबाईंचं लक्ष गेलं. आणि त्या हसू लागल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मामंजी आत डोकावून गेले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच बघत होते. मलाही हसू आलं, पण माझ्यात थोडं रडूही होतं.

"उद्यापासून गोठ्यात पाऊल टाकायचं नाहीस," डोळे पुसत त्या म्हणाल्या.

"नाही टाकणार."

"तो घंटावाला काय म्हणत होता शाळेचं? शेजारणीने सांगितलं मला."

मी सांगितलं. एव्हाना कारखान्यातून आलेल्या ह्यांनी चहावरून मान वर केली. मामंजी खाकरले. सासूबाईंनी दोघांकडेही बघितलं नाही. चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "जा तू तिकडे. घरात बसून बसून तुझ्या डोक्यातलं शास्त्र आंबतंय आणि माझ्या जनावरांवर निघतंय. माणसांची पोरं आहेत, तुझ्यापुढे टिकतील. माझी म्हैस मला परत माझी करायचीय."

ते त्यांनी केलं. कसं केलं ते मी बघितलं नाही, कारण मला गोठ्याची बंदी होती. कानांवर एवढंच यायचं की पहाटे त्या तिच्याशी बोलतायत, वांगणीच्या नातवाचं सगळं सांगतायत. पाऊस सुरू झाला तेव्हा देवघरात पुन्हा घंटा वाजू लागली होती. शेजारच्या काकूंना ते फारसं आवडलं नाही.

जूनमध्ये कॅम्पातल्या शाळेत मी रुजू झाले. वर्गातल्या पोरांना मराठी येत नव्हतं, मला सिंधी येत नव्हतं, आणि पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला सिंधीत शिव्या शिकवल्या, त्या शिव्या आहेत हे न सांगता. मी त्या हेडमास्तरांसमोर म्हणून दाखवल्या.

पण शाळेला निघाले तो पहिला दिवस मला जास्त आठवतो. ह्यांची पाळी आधीची होती, ते लवकर गेले होते. सासूबाई म्हणाल्या, मी येते स्टेशनापर्यंत. छत्री एकच होती, ती त्यांनी धरली. वाटेत भेटेल त्याला त्या आपण होऊन सांगत होत्या, "सून शाळेत शिकवायला चाललीय." फलाटावर त्यांनी माझ्या हातात डबा दिला, माझा पदर सारखा केला.

"पोरांना मारू नकोस," त्या म्हणाल्या.

"नाही मारणार."

"आणि काही नवं शास्त्र करायचं मनात आलं, तर आधी घरी येऊन मला विचारायचं."

गाडी आली. मी बायकांच्या डब्यात चढले, खिडकीशी बसले आणि अंबरनाथ जाईपर्यंत कोणाशी एक शब्द बोलले नाही, कारण मला भीती वाटत होती की बोलायला तोंड उघडलं तर आवाज निघणार नाही.